सोलापूर : ऊन चढायच्या आत

सोलापूर स्टेशनात उतरणारी बहुतेक मंडळी थेट अक्कलकोटची गाडी शोधायला लागतात. तिथून तुळजापूर, जमलं तर पंढरपूर, आणि घरी. अंतरं सोयीची आहेत हे खरं: अक्कलकोट ४०च्या आसपास, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० ते ७५ किलोमीटर. या फेरीत सोलापूर मात्र राहूनच जातं. आम्ही या वेळी उलटं केलं. देवदर्शनाची फेरी वगळून दोन दिवस गावाला आणि गावाबाहेरच्या रानाला दिले. चार मोठी माणसं, दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या आजी, असा सात जणांचा गोतावळा होता. महिना जानेवारीचा. सोलापूरच्या सहलीत सगळं गणित उन्हाचं असतं. अगदी थंडीतही अकरा वाजले की माथा तापतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेल्यावर कुटुंब घेऊन इथे हिंडण्यात काही अर्थ नाही.

पुण्याहून यायला हुतात्मा एक्स्प्रेस सोपी पडते. संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते आणि रात्री दहाच्या आसपास सोलापूर. परतीची पहाटे साडेसहाच्या सुमारास सुटते, म्हणजे शुक्रवारी येऊन सोमवारी सकाळी निघालं तर मधले दोन दिवस पूर्ण हातात राहतात. मुंबईकरांसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, आणि फेब्रुवारी २०२३पासून वंदे भारतही. सिद्धेश्वरचं तिकीट पुण्यातून काढणाऱ्यांची हमखास एक चूक होते. गाडी मुंबईहून रात्री निघते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर पोहोचते, त्यामुळे पुण्याच्या प्रवाशाची तारीख दुसऱ्या दिवसाची. शुक्रवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं असेल तर तिकीट शनिवारचं हवं. शुक्रवारचं काढलं असेल तर ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

पहिल्या दिवशी सकाळी सातला सिद्धेश्वर मंदिर. तलावाच्या मधोमध मंदिर, आणि बाजूला भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांच्या काळातले, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे शिवयोगी. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली असं मानतात, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज खांद्यावर घेऊन त्या लिंगांना तैलाभिषेक घालायला मिरवणूक निघते. पुढे अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम असे दिवस असतात. गड्डा पाहायचा असेल तर फक्त गड्ड्यासाठीच या आणि खोली आधी धरा. नुसती सहल करायची असेल तर १२ ते १७ जानेवारी टाळा. रस्ते वळवलेले असतात, रिक्षा यात्रेच्या होम मैदानाच्या जवळ फिरकत नाहीत आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर चालून चालून दम निघतो.

मंदिराकडे जाणारा रस्ता सपाट आहे, आजींना काही त्रास झाला नाही. फरशीचं मात्र बघा. सकाळी ती गार लागते आणि दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून आधी मंदिर, मग किल्ला. किल्ल्यात तटावर चढायच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत. मुलांना एकटं सोडू नका, आणि आजींना खाली बागेतच बसवा. दुहेरी तटबंदी नीट पाहायची तर तासभर लागतो.

तिथून रिक्षाने चार पुतळ्याला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, स्वातंत्र्यलढ्यातल्या या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव यांच्यावरूनच. मुलांनी रात्री ज्या गाडीत चिप्स खाल्ले ती कुणाच्या नावाची होती, हे सांगायला याहून चांगली जागा नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्याला अर्धा तास पुरतो. रिक्षात बसताना भाडं ठरवून घ्या. रिक्षावाला मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून तेलुगूत सहज जातो, आणि फोनवर कुणाला तरी ‘काय करलालाव बे?’ विचारतो. यात भांडण काही नसतं, इथली बोलीच तशी.

दुपारचं जेवण म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून, मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत वाळवलेली, पापडासारखी. पहिल्यांदा खाणारे ती नुसती चावायला जातात आणि दाढ धरून बसतात. ताटात चुरायची, वर गरम आमटी किंवा रस्सा ओतायचा आणि मिनिटभर थांबायचं. जास्त थांबलात तर लगदा होतो. बरोबर शेंगा चटणी. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, एवढंच सामान असतं, पण खरी चटणी कुटलेली असते. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, किंचित चिकट होते. मिक्सरमधली कोरडी आणि भुरभुरीत राहते. चिमटीत दाबून बघा, गोळा धरला तर घ्या.

चादर घ्यायची तर दुपारीच, दुकानात उन्हाचा प्रश्न नाही. सोलापुरी चादरीला २००५पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी सोलापुरातच दुसरीकडचा माल याच नावाने हातात ठेवला जातो. चादर उलटून बघा. नक्षी दोन्ही बाजूंना दिसली पाहिजे, फक्त रंग उलटे: पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल. नक्षी एकाच बाजूला असेल तर ती छापील आहे. कडेच्या दशीतला एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडीने पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख भुकटी होते. धागा आकसून टोकाला कडक मणी धरला तर त्यात पॉलिस्टर आहे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही. घरी आल्यावर पहिली धुणी वेगळी आणि थंड पाण्यात करा, गडद रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा जातोच.

दुसरा दिवस हत्तरसंग कुडलचा. सीना आणि भीमा जिथे मिळतात ते हे गाव, सोलापूरहून साधारण ४० किलोमीटर. विजापूर रस्त्याने जायचं, वडकबाळला सीनेचा पूल लागतो, मग मंद्रूप, आणि त्यापुढे आत वळायचं. वळण सहज चुकतं, मंद्रूपमध्ये विचारून घेतलेलं बरं. एसटीच्या भरवशावर कुटुंब नेऊ नका, दिवसभरासाठी गाडीच ठरवा आणि सातला निघा. मोठ्या हॉटेलाची आशा धरू नका. पाणी माणशी दोन लिटर आणि डबा घरून किंवा गावातून.

इथे दोन मंदिरं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. चेहरे ओळींनी वर चढत जातात, आणि जवळ गेल्यावर कळतं की ते एका साच्यातले नाहीत. मुलांना मोजायला लावलं तर दुसऱ्या ओळीत गोंधळ होतो, पण तेवढा वेळ ती शांत बसतात.

खरी गोष्ट संगमेश्वराच्या मंदिरात आहे. तुळईवर शके ९४०चा, म्हणजे १०१८चा शिलालेख आहे, आद्य मराठी शिलालेखांपैकी एक. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात ‘वाछि तो विजेया…’ असे शब्द आहेत: जो हे वाचील तो विजयी होईल. बहुतेक जण मान वर करतात, दगड बघतात, ‘काही दिसत नाही’ म्हणून निघतात. दिसत नाही ते उजेड समोरून पडतो म्हणून. मोबाइलची बत्ती लेखाच्या समोर धरली तर अक्षरं दगडात विरून जातात. हात लांब करून बत्ती एका कडेला न्या, उजेड दगडावरून घसरत जाईल इतकी तिरपी धरा. प्रत्येक खाचेच्या एका काठावर सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. एकाने बत्ती धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. खडू, पीठ, तेल असलं काही अक्षरांत भरू नका. फोटो स्वच्छ येतो खरा, पण भरलेलं खाचेतून निघत नाही आणि दगड खराब होतो.

संगमावर काठापर्यंतच जा. गाळ वरून वाळलेला दिसतो आणि घोटाभर आत मऊ असतो. शिवाय वर उजनी धरणातून पाणी सोडलं की भीमेची पातळी पाऊस नसतानाही वाढते, तेव्हा कालचा काठ आजचा असेलच असं नाही.

साडेदहाला तिथून निघालो की हुरड्याला वेळेवर पोहोचता येतं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सोलापूरच्या आसपास शेताशेतांवर हुरडा असतो. ओळखीचं शेत असेल तर उत्तम, नाहीतर माणशी दराने मिळतो. दर विचारताना त्यात जेवण धरलंय की नुसता हुरडा, आणि सावलीला मांडव आहे का, एवढं विचाराच. ज्वारी कोणती तेही विचारा. सुरती किंवा गुळभेंडी हुरड्याची. मालदांडी भाकरीला छान, पण तिचा हुरडा त्या मानाने पिठूळ लागतो.

कणीस कोवळं आहे की जून, ते नखाने कळतं. दाण्यावर नख दाबल्यावर पांढरं दूध उडालं तर अजून चार-पाच दिवस थांबायला हवं होतं. मऊ गोळा आला तर बरोबर. नख आत जात नसेल तर ते कणीस गड्यांनो सोडून द्या. आगटी म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. घाई इथेच होते. ज्वाळा असतानाच कणीस घातलं तर वरून कोळसा होतो आणि आत कच्चं राहतं. धूर पूर्ण थांबून निखाऱ्यावर राखाडी थर येऊ द्या. मग देठ बाहेर ठेवून कणीस राखेत खुपसायचं, फिरवत राहायचं, आणि दाणे फुगून कडेचे एक-दोन तडकले की काढायचं. ते गरम असतानाच तळहातावर किंवा पोत्यावर चोळायचं. गार झालं की फोल दाण्याला चिकटून बसतं आणि कितीही फुंकलं तरी जात नाही. चोळणारा माणूस सराईत असावा. आपण हौसेने चोळायला जातो आणि दोन कणसांत तळहात लाल होतो.

मोठ्या माणसाला सात-आठ कणसं धरा, मुलांना तीन पुरतात. बरोबर शेंगा चटणी, गूळ, दही, हरभऱ्याचे डहाळे, बोरं. वरून भरपूर पाणी पिऊ नका, पोट फुगतं. शेवटी ताक घ्या. आजींना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा, नाहीतर राख डोळ्यांत जाते. ज्यांचे दात कमजोर आहेत त्यांच्यासाठी अगदी कोवळी कणसं वेगळी भाजून घ्यावीत.

उरलेला हुरडा डब्यात भरून घरी न्यायचा मोह होतो. भाजलेला नेऊ नका, गरम असताना झाकला की वाफेने ओला होतो आणि सकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो. न्यायचाच असेल तर न भाजलेली कणसं कागदात गुंडाळून न्या आणि दुसऱ्याच दिवशी गॅसवर जाळी ठेवून भाजा. कडक भाकरीची पुडकी बॅगेच्या तळाशी गेली की त्यांचा चुरा होतो. ती चादरीच्या घडीत सरकवली तर पुण्यापर्यंत अखंड येतात.