रोर्क्स ड्रिफ्ट १:७२ – बेस फोडावा लागला

दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ब्रिटिश ठाण्यावरच्या झुलूंच्या हल्ल्याचं १:७२ प्रमाणातलं मॉडेल करतोय. मागच्या वेळी त्यातलं, सुंभ उसवून केलेलं रुग्णालयाचं छप्पर दाखवलं होतं. रविवारी ते अलगद काढून ठेवलं आणि खालचा बेस कटरने उभा कापला.

चूक मुळातच होती. जमीन मी १९६४च्या ‘झुलू’ सिनेमावरून घेतली होती. त्याचं चित्रीकरण ड्रेकन्सबर्ग डोंगररांगेच्या पायथ्याशी झालं. म्हणून मागे ते प्रचंड कडे. खरं ठाणं शियाने टेकडीखालचं. परवा ठाण्याचा ब्रिटिश अधिकारी चार्ड याच्या अहवालातला नकाशा मोठा करून पाहिला, तेव्हा दिसलं की उत्तरेची मक्याच्या पोत्यांची भिंत सपाटीवर नाहीच, ती खडकाच्या पायरीवर रचलीय. खालून येणाऱ्यापुढे आधी खडक, मग पोती. २२ जानेवारी १८७९च्या रात्री ब्रिटिश बाजूची दीडशेच्या आसपास माणसं तीन-चार हजार झुलूंपुढे टिकली, त्यात या पायरीचा मोठा वाटा. माझ्या बेसवर तीच नव्हती!

थर्माकोल लावून पाहिला, दाणे सुटले. मग एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखाच, पण बिनदाण्याचा, घट्ट) हाताने तोडून बसवला; कापलेला फोम खडक वाटतच नाही. उंची १५ मिमी धरली, तर पोत्यांची रांग वळणावर बसेना. पुटीची चाळीस पोती खरवडून पुन्हा वळली. पुटी ओलसर असताना जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दाबला आणि गोणपाटाची वीण हुबेहूब उठली! महागड्या टेक्स्चर शीटवर पैसे घालवू नका. पुटी मात्र चांगली घ्या. मी मागवलेल्या स्वस्त पाकिटातला हार्डनर दगड झालेला निघाला.

बिस्किटांच्या खोक्यांची आतली भिंत दोनच खोकी उंच ठेवलीय, हल्ला आला तेव्हा ती तेवढीच झाली होती. कलर सार्जंट बोर्न पुन्हा रंगवतोय. सिनेमात पोक्त, धिप्पाड. खरा अवघा २४ वर्षांचा, लहान चणीचा. आणि ठाण्यातला शिपाई हूक, त्याला सिनेमात कामचुकार दारूबाज दाखवलंय, ते मला फार लागतं. तो दारूला शिवत नसे. जळत्या रुग्णालयात सोबती भिंतीला भोक पाडत असताना संगीन रोखून दार अडवणारा हाच. बहुतेक खोल्यांना आतून दार नव्हतं, आजारी माणसं त्या भोकांतूनच ओढून नेली. ते दिसावं म्हणून छप्पर सुटंच ठेवणार.

लिहिता लिहिता वाटतंय, दर्शनी बाजूच बदलावी. अंगणातून, लाल डगल्यांच्या ब्रिटिश शिपायांच्या पाठीमागून बघायचं ठरलं होतं. आता पायरीखालून, झुलूंच्या नजरेनं. मग झुलूंच्या उथुल्वाना रेजिमेंटची माणसं नीट हवीत: चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेली, डोक्यावर कडं, हातात पांढरी ढाल. किटमधली सगळी पोरसवदा आहेत. जळक्या मोटरमधली तांब्याची तार सुईभोवती गुंडाळून काळी रंगवली. पहिलं कडं आत्ताच बसलं.