दंडही फाइन आणि छानही फाइन

'फाइन' हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की त्याच्या दोन अर्थांमधली ओढाताण आपल्या कानाला जाणवतही नाही. सिग्नल तोडला की 'फाइन' भरावा लागतो आणि नवी साडी नेसून आलेल्या मैत्रिणीला 'एकदम फाइन दिसतेस' असेही आपण सहज म्हणून जातो. हे मुळात दोन निराळे शब्द असावेत आणि त्यांचे स्पेलिंग योगायोगाने जुळले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ लॅटिनमधल्या 'फीनिस' या एकाच शब्दात असून त्याचा अर्थ शेवट किंवा हद्द असा आहे. 'फायनल' आणि 'फिनिश' हे शब्द त्याच घराण्यातले. पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत रचना जिथे संपवायची तिथे आजही 'fine' हीच चार इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. तिथे त्यांचा उच्चार इटालियन वळणाने 'फीने' असा होतो, एवढेच.

शेवटाचा दंड कसा झाला, हे मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'फाइन' म्हणजे मिटवलेले प्रकरण. एखाद्याने राजाला किंवा जमीनदाराला ठरावीक रक्कम देऊ करून मामला निकालात काढला, तर त्या तडजोडीला आणि पुढे त्या रकमेलाही 'फाइन' म्हणू लागले. न्यायालयाने आपणहून लादलेल्या दंडाला त्या काळी 'अमर्समेंट' असा वेगळा शब्द होता. म्हणजे फाइन हा निदान नावापुरता तरी राजीखुशीचा मामला होता. जमिनीचे व्यवहार पक्के करण्यासाठीही हीच वाट वापरली जाई. दोन्ही पक्ष आधी संगनमताने लुटुपुटीचा दावा लावीत आणि मग न्यायालयासमोर तो मिटवीत, म्हणजे जमीन कोणाची झाली याची सरकारदरबारी नोंद आपोआप होत असे. 1195 पासून हा करार चर्मपत्राच्या एकाच तुकड्यावर तीनदा लिहिण्याची पद्धत पडली. वरच्या दोन प्रती उभय पक्षांना मिळत आणि तळाशी लिहिलेली तिसरी न्यायालयात राही. तुकडे नागमोडी रेषेवर कापलेले असत. त्यामुळे कोणी बनावट प्रत पुढे केलीच, तर कडा जुळवून पाहताच लबाडी उघडी पडे. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली, पण तळाच्या त्या प्रती लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. 'फायनान्स' हा शब्दही याच कुळातला आहे, कारण जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा संबंध देणे फेडून मोकळे होण्याशी होता.

विशेषण म्हणून येणारा 'फाइन' त्याच शेवटाकडून दुसऱ्या वाटेने गेला. जे शेवटापर्यंत नेले, ज्यात आणखी काही करायचे उरले नाही, ते उत्तम आणि निर्भेळ. सराफ बाजारात हा अर्थ आजही जिवंत आहे. तिथे 'फाइन' म्हणजे दागिन्यातले निव्वळ शुद्ध सोने. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो, म्हणजे दहा ग्रॅमच्या बांगडीत 9.16 ग्रॅम फाइन सोने आणि बाकीचा मिलाफ. उत्तम कारागिरी बहुधा नाजूक असते, त्यामुळे पुढे बारीक आणि तलम हेही अर्थ या शब्दाला चिकटले असावेत. सुताच्या धंद्यात जितका काउंट मोठा तितके सूत फाइन. एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात यावर हा काउंट ठरतो, त्यामुळे आकडा वाढला की धागा बारीक होतो, हे नवख्या माणसाला सुरुवातीला उलटेच वाटते.

क्रिकेटमधला 'फाइन लेग' ऐकताना तिथे छान काय आहे, असा प्रश्न लहानपणी अनेकांना पडलेला असतो. तिथला फाइन कोनाशी संबंधित आहे. दोन्ही यष्ट्यांना जोडणारी रेषा फलंदाजाच्या मागे वाढवली, तर तिच्याशी क्षेत्ररक्षक जितका बारीक कोन करून उभा असेल तितका तो फाइन, आणि काटकोनाकडे सरकला की स्क्वेअर. रणजितसिंहजींमुळे गाजलेला लेग ग्लान्स हा चेंडूला मनगटाने हलकेच दिशा देऊन याच भागात धाडण्याचा फटका.

रोजच्या बोलण्यात मात्र या शब्दाची किंमत बरीच उतरली आहे. 'हाउ आर यू' ला 'फाइन' असे उत्तर देणारा आपली प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र देत नसतो. आपल्या 'बरं चाललंय' इतकेच त्याचे वजन. 'दॅट्स फाइन' म्हणजे सरळ 'चालेल'. भांडणात एकट्याने फेकलेला 'फाइन!' हा तर 'कर मग तुला काय करायचं ते' याच चालीचा, आणि मोबाइलवर त्यापुढे पूर्णविराम टाकला असेल तर समोरच्याने विषय वाढवू नये, हेच बरे. ब्रिटिश हवामानवृत्तातला 'फाइन' दिवस म्हणजे पाऊस नसलेला दिवस. आपल्याकडच्या 'उघडीप' या शब्दाच्या तो बराच जवळ जातो.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाची खरी पंचाईत 'आय अ‍ॅम फाइन' करते. यजमानाने आणखी कॉफी हवी का असे विचारल्यावर हे उत्तर दिले, तर त्याचा अर्थ 'नको, पुरे' असा होतो आणि किटली लगेच जागेवर जाते. आपल्याकडे पाहुण्याने एकदा 'नको' म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, ही रीत असते. तिथे तो आग्रह बहुधा होत नाही, त्यामुळे कॉफी खरोखर हवी असेल तर पहिल्याच विचारण्याला 'येस, प्लीज' म्हणावे.