त्रेबिन्येचा पाऊस जातो कुठे?

आमच्याकडे पाऊस दिवाळीच्या आगेमागे जोर धरतो. जून-जुलैत आभाळात औषधालाही ढग नसतो, अंगणातलं गवत पिवळं पडतं, आणि नेमकं त्याच वेळी आईचा रत्नागिरीहून फोन येतो की धो धो कोसळतोय, लाइट गेलेत. नोव्हेंबरात उलटं. मी इथून पावसाचा आवाज ऐकवते आणि ती तिकडे कपाटातून शाल काढत असते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही त्रेबिन्येला आलो. बोस्निया-हर्झेगोव्हिनाच्या अगदी दक्षिण टोकाचं हे गाव. क्रोएशियातलं दुब्रोव्निक तीसेक किलोमीटरवर, मॉन्टेनेग्रोची हद्द त्याहून जवळ. २०१३ च्या जनगणनेत आजूबाजूची खेडी धरून लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास भरली होती. म्हणजे आपल्याकडे तालुक्याचं ठिकाणही याहून मोठं असतं. गावातून त्रेबिश्नित्सा नावाची नदी वाहते, हिरवट, थंडगार, इतकी संथ की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती तलावच वाटावी. या नदीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण तिचं वागणं कळल्याशिवाय हे गाव कळत नाही.

आधी पावसाचं सांगते. इथे वर्षाला सरासरी १,७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त. एड्रियाटिक समुद्रावरून येणारी ओली हवा किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर आदळते, वर चढते, थंड होते आणि रिती होते. आपल्या घाटमाथ्यावर होतं तेच, फक्त ऋतू वेगळा. आमच्या आग्नेयेला ओर्येन नावाचा १,८९४ मीटरचा डोंगर आहे. त्याच्या पलीकडच्या उतारावर, मॉन्टेनेग्रोच्या हद्दीत, त्सर्क्वित्से नावाची एक वस्ती आहे. तिथली वार्षिक सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या वर जाते आणि १९३७ साली तर आठ हजारांच्या पुढे नोंद झाली होती. युरोपातलं सर्वाधिक पावसाचं ठिकाण म्हणून त्याचंच नाव घेतात. आकडे ऐकून महाबळेश्वरकर फार दचकणार नाहीत, पण युरोपात आठ हजार म्हणजे कहरच.

आता गंमत अशी की एवढा पाऊस पडूनही या मुलखात पाण्याची कायम मारामार. पाऊस थांबल्यावर तासाभराने डोंगरावर चालायला जा. ना ओढा, ना ओहोळ, ना चिखल. पांढराफटक चुनखडीचा दगड, धारदार कडा, जागोजागी भोकं आणि भेगा. सगळं पाणी त्या भोकांतून खाली गेलेलं असतं. पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवतं, भेगेची घळ होते, घळीची गुहा होते आणि लाखो वर्षांत डोंगर आतून पोखरला जातो. आपला सह्याद्रीचा काळा कातळ पाणी अंगावरून सरळ खाली सोडतो. इथला दगड ते गिळतो.

आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना इथल्या रीतीप्रमाणे मी ‘तेता’, म्हणजे मावशी, म्हणते, जवळच्याच एका डोंगरी खेड्यात वाढल्या. एकदा त्या मला त्यांचं जुनं घर दाखवायला घेऊन गेल्या. छप्पर दगडी फरशांचं. छपरावरून उतरणाऱ्या दगडी पन्हाळी थेट अंगणातल्या बंद टाक्यात. इथे त्याला ‘चात्र्न्या’ म्हणतात. टाक्याचं तोंड एकाच दगडातून कोरलेलं, वर लोखंडी झाकण. त्या दगडाच्या आतल्या कडेवर बोट रुतेल एवढ्या खोल खाचा होत्या, बादलीच्या दोराने पिढ्यान् पिढ्या घासून पडलेल्या. मी खाचांवरून बोट फिरवत होते तर तेता म्हणाल्या, “झाकणाला कुलूप असायचं. किल्ली आजीच्या कमरेला. ऑगस्टमध्ये आंघोळ मागायची कुणाची हिंमत नव्हती.” दारूचं कपाट मात्र उघडं असायचं म्हणे.

नदीचंही त्या पावसासारखंच. त्रेबिश्नित्सा बिलेचा गावाजवळच्या झऱ्यांतून उगवायची, शंभरेक किलोमीटर वाहायची आणि समुद्राला न मिळताच पोपोवो पोल्ये नावाच्या लांबट खोऱ्यात जमिनीत नाहीशी व्हायची. अशा लुप्त होणाऱ्या नद्यांमध्ये युरोपातली सर्वात लांब म्हणून ती ओळखली जाते. तिचं पाणी डोंगराखालून जाऊन पलीकडे किनाऱ्यावर निघतं. दुब्रोव्निकजवळ ओंब्ला नावाची नदी कड्याच्या पायथ्यातून भसकन बाहेर येते आणि जेमतेम तीस मीटरवर एका बंधाऱ्यावरून खाडीत उतरते. दुब्रोव्निकचे नळ तिच्यावर चालतात. म्हणजे सीमेच्या या बाजूचा पाऊस त्या बाजूचे लोक पितात आणि दोन्हीकडच्या कुठल्याच सरकारला त्यात काही करता येत नाही. मला हे फार आवडतं.

हिवाळ्यात उलटा कारभार चालायचा. जमिनीखालच्या वाटा तुंबल्या की ज्या भोकांतून नदी आत जायची, त्यांतूनच पाणी उसळून वर यायचं आणि अख्खं पोपोवो पोल्ये कित्येक महिने सरोवर होऊन बसायचं. म्हणून तिथली खेडी सगळी कडेला, चढावर. तळातली सुपीक जमीन फक्त शेतीला. पुराच्या पाण्याबरोबर गुहांमधून एक छोटा मासा वर यायचा, उन्हाळ्यात पुन्हा जमिनीखाली जायचा. त्याला इथे ‘गाओवित्सा’ म्हणतात. लोक भोकांच्या तोंडाशी सापळे लावून तो धरायचे आणि वाळवून वर्षभर ठेवायचे. कोकणातल्या चढणीच्या माशांसारखाच प्रकार, फक्त हे मासे चढायचे ते पाताळातून.

याच खोऱ्याच्या कडेला व्ह्येत्रेनित्सा ही गुहा आहे, २०२४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. उन्हाळ्यात तिच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून गार वारा अंगावर येतो, दारात कुणी एसी लावून ठेवल्यासारखा. आत अंधारात राहणारे जीव इतके की शास्त्रज्ञ तिचं नाव जगातल्या मोजक्या गुहांमध्ये घेतात. त्यांतला प्रसिद्ध म्हणजे प्रोटियस, गुलाबीसर, आंधळा, सॅलमँडरच्या जातीचा. मला तो अजून दिसलेला नाही.

मी हे ‘व्हायचं’, ‘यायचं’ असं भूतकाळात लिहितेय, कारण युगोस्लाव्हियाच्या (तेव्हा बोस्निया, क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो सगळे त्या एकाच देशात होते) इंजिनियरांनी या नदीला वेसण घातली. १९६८ साली ग्रान्चारेव्होचं १२३ मीटर उंच कमानी धरण पूर्ण झालं. मागे बिलेचा सरोवर साठलं आणि नदीचे मूळ झरेच त्याच्या तळाशी गेले. खेडी बुडाली, माणसं उठली. ही गोष्ट कोयनेकाठच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. गावाच्या जरा वर गोरित्साचं दुसरं धरण. तिथून साडेसोळा किलोमीटरचा बोगदा डोंगरातून थेट समुद्राकाठच्या वीजकेंद्रात जातो. ते केंद्र आता क्रोएशियात आणि धरणं इकडे, त्यामुळे तिथल्या दोन जनित्रांपैकी एकाची वीज तिकडे, एकाची इकडे अशी वाटणी आहे. उरलेली नदी पोपोवो पोल्येमध्ये साठेक किलोमीटर चक्क सिमेंटच्या पाटातून नेली आहे, ती भोकांत पळू नये म्हणून. दिसायला तो पाट भयंकर आहे. पण पूर थांबले, शेतं बारमाही झाली. माशांचं मात्र तिथेच बिनसलं. खाली गेले तरी वर यायला पूर कुठाय?

धरणाने एक पूलही हलवला. १५७४ साली ऑटोमन वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने इथे दगडी पूल बांधवला. द्रिना नदीवरचा विशेग्रादचा नामांकित पूलही त्याचाच. पुढे जकात गोळा करणाऱ्या अर्सलान आगाच्या नावावरून इथल्या पुलाला अर्सलानागिच पूल म्हणू लागले. १९६५ मध्ये गोरित्साच्या साठ्यात तो बुडाला. मग पाण्याची पातळी उतरवून एकेक दगडावर नंबर घालून तो उतरवला आणि पाचेक किलोमीटर खाली, गावाजवळ, १९७२ पर्यंत पुन्हा उभा केला. आज त्याच्या दोन मोठ्या कमानी पाण्यात पडून पूर्ण गोल दिसतात आणि नवरा-नवरीचे फोटो काढायला तिथे रांग लागते.

कोटाच्या आतलं जुनं गाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. १६८७ मध्ये किनाऱ्यावरचं हर्त्सेग नोव्ही व्हेनिसने जिंकलं, तिथले मुसलमान घराणेदार इकडे सरकले आणि नदीकाठी तटबंदी उठली. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य आलं. त्यांनी आसपासच्या टेकड्यांवर किल्ले बांधले, रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर असलेली छोटी आगगाडी आणली (१९०१ ते १९७६ अशी ती धावली, आता तिच्या मार्गावर सायकलवाले दिसतात) आणि चौकात चिनारासारखी प्लेन झाडं लावली. ती झाडं आता एवढी झाली आहेत की त्यांच्या सावलीत अख्खा शनिवारचा बाजार मावतो. डाळिंबं, सुके अंजीर, सेज या झुडपाच्या फुलांचा कडवट मध आणि मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत मुरवलेलं चीज. चीजचा वास पहिल्यांदा झेपत नाही. चव मात्र सोडवत नाही.

या सुंदर गावाची दुसरी बाजूही लिहायला हवी. युगोस्लाव्हिया फुटत असताना, १९९१ मध्ये, दुब्रोव्निकवर तोफा डागणारं सैन्य याच बाजूने गेलं. १९९३ च्या जानेवारीत इथल्या बोस्नियाक मुसलमानांना हाकललं गेलं, कोटातली १७२६ ची उस्मान पाशा मशीद जाळली गेली. ती २००५ मध्ये पुन्हा बांधली, पण गेलेल्यांपैकी फार थोडे परतले. त्याच जानेवारीत स्र्जान अलेक्सिच हा तिशीच्याही आतला सर्ब तरुण, सैनिक मारत असलेल्या एका बोस्नियाक ओळखीच्या माणसाला सोडवायला मध्ये पडला. सैनिकांनी त्यालाच बेदम मारलं आणि काही दिवसांत तो गेला. सारायेव्होत त्याच्या नावाचा रस्ता आहे. गावात हा विषय निघाला की तेता कॉफीचे कप उचलू लागतात, आणि मीही पुढे विचारत नाही.

राहायला कसं आहे, असं बरेच जण विचारतात. ते वाऱ्यावर अवलंबून आहे. ‘बुरा’ हा डोंगरावरून उतरणारा कोरडा, थंड वारा. तो सुटला की आकाश लख्ख, धुणं तासाभरात खडखडीत, आणि खुंटीला टांगलेलं डुकराचं मांस छान सुकतं म्हणून सगळे खूश. ‘यूगो’ हा दक्षिणेचा दमट वारा. तो आला की पाऊस ठरलेला, भिंतींना ओल, आणि डोकेदुखीपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळ्याचं खापर त्याच्यावर. सोय आहे चांगली. जानेवारीत बर्फ क्वचितच, पण घरं दगडी आणि गरम करायला लाकडाची शेगडी, त्यामुळे थंडी आत जास्त वाजते. जुलैत पारा पस्तिशीच्या वर गेला की सगळं गाव नदीत. धरणाच्या तळाकडून आलेलं पाणी इतकं गार की मी अजून गुडघ्यापर्यंतच.

यायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची सुरुवात गाठा. दुब्रोव्निकहून येणार असाल तर लक्षात ठेवा, २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि बोस्निया नाही. इकडे येऊन परत तिकडे जायचं असेल तर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागेल, आणि बोस्नियाच्या प्रवेशाचे नियम निघण्याआधी दूतावासाकडे तपासून घ्या. गावात गाडी लागत नाही. पोपोवो पोल्ये आणि व्ह्येत्रेनित्सासाठी मात्र गाडी हवीच, आणि गुहेसाठी ऑगस्टातही स्वेटर. चहा सोबत आणा. इथे चहा मागितला तर आजारी आहात का, असं विचारतात.