नानांचं मोर्टार, नागास्त्र आणि आपल्याकडची भरतीची पोरं

ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून आमच्या इकडं पारावर, सलूनमध्ये, एसटीत सगळीकडं ड्रोनचा विषय निघतो आणि निघाला की कोणीतरी हमखास बोलतो की आता पायदळाचं काय काम राहिलं, बटण दाबलं की झालं. मला हे अजिबात पटत नाही. सातारा जिल्ह्यात बसून तर असं बोलूच नये. अपशिंगे मिलिटरी इथनं जवळच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत आणि तरी आजही तिथली पोरं फौजेतच जातात. आमच्याही गावातनं दरवर्षी पोरं भरतीला उतरतात, त्यातली कितीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत जातात, म्हणजे पायदळातच. या पोरांच्या हातात उद्या काय येणार आहे आणि डोक्यावर काय येणार आहे, त्याबद्दल जरा नीट लिहावं म्हणलं.

मी सांगतोय ते रनवेवरनं उडणाऱ्या मोठ्या ड्रोनबद्दल नाही. एक-दोन जवान पाठीवर घेऊन चालतील एवढंच, हवेत घिरट्या घालत थांबणारं, कॅमेऱ्यातनं खाली बघणारं आणि ऑपरेटरनं ठरवलं की लक्ष्यावर झेपावून स्वतःसकट फुटणारं ड्रोन, ज्याला लॉइटरिंग म्युनिशन म्हणतात.

माझे चुलते नाना मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झाले, बरीचशी नोकरी मोर्टार प्लाटूनमध्ये, म्हणजे नळीतनं गोळा उंच फेकणारी छोटी तोफ चालवणाऱ्या तुकडीत. ८१ एमएम मोर्टार तीन भागात सुटं होतं, नळी, बायपॉड आणि बेसप्लेट, आणि ते तीन जणांनी वाटून घेऊन डोंगर चढायचा, गोळे वेगळेच. नाना म्हणतात, "बेसप्लेट पाठीला लागली की माणूस बोलायचा बंद व्हतो." वर पोचल्यावर पण काम लगेच होत नाही, पुढं ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागेवर, एकजण दुर्बीण घेऊन बसणार, पहिला गोळा कुठं पडला ते बघणार, रेडिओवर सांगणार ॲड हंड्रेड, लेफ्ट फिफ्टी, म्हणजे शंभर मीटर पुढं, पन्नास डावीकडं, मग दुसरा गोळा, मग तिसरा, आणि तोपर्यंत समोरचा शहाणा असला तर जागा सोडून गेलेला असतो.

नानांना मी मोबाइलवर नागास्त्र-१ चा व्हिडिओ दाखवला. हे आपल्या नागपूरचं आहे, सोलर इंडस्ट्रीजच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीनं बनवलेलं, लष्करानं ४८० ची ऑर्डर दिली आणि २०२४ च्या जूनमध्ये पहिली १२० मिळाली. ड्रोनचं वजन ९ किलो, पुढच्या बाजूला १ किलोचं स्फोटक. कंट्रोलचं सामान आणि हवेच्या दाबावर चालणारा लाँचर धरून सगळा सेट ३० किलोच्या आसपास जातो आणि दोन पिट्ठूंमध्ये बसतो. साधारण अर्धा तास हवेत राहतं, ऑपरेटर स्वतः बघत चालवत असेल तर १५ किलोमीटरपर्यंत जातं. मोटार बॅटरीवरची, त्यामुळं आवाज कमी, २०० मीटरच्या वर गेलं की खालच्याला पत्ता लागणं अवघड. नानांनी पहिला प्रश्न विचारला तो वाऱ्याचा. आणि दुसरा, "आन सोडल्यावर कळलं की तिथं बायकापोरं हायीत, तर?"

तर मिशन रद्द करता येतं. नागास्त्राला पॅराशूट आहे, लक्ष्य सापडलं नाही किंवा मारायचं नाही असं ठरलं तर ते परत बोलावून पॅराशूटनं उतरवता येतं आणि पुन्हा वापरता येतं. हे ऐकल्यावर नाना बोलले, "आमचा गोळा एकदा नळीत सोडला की आपला ऱ्हायचा न्हाई." माझ्या मते या हत्याराची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, अचूकपणा, वजन, किंमत सगळं नंतर. शेवटच्या क्षणापर्यंत एक माणूस बघत असतो आणि त्याला नको म्हणता येतं, आणि कितीही एआय आलं तरी हे नको म्हणणं माणसाच्याच हातात राहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना नवी नाही. इस्रायलनं रडार शोधून त्यावर जाऊन आपटणारं हार्पी काही दशकांपूर्वीच बनवलं होतं, पुढं त्यातनंच हारोप आलं, ते आपल्याकडंही आहे. पण ही यंत्रं मोठी, ट्रकवरनं सुटणारी. साध्या जवानाच्या पाठीवर ही गोष्ट आली ती अमेरिकेच्या स्विचब्लेड ३०० मुळं, वजन जेमतेम अडीच किलो, नळीतनं सोडायचं, पंख बाहेर येऊन उघडतात, १५ मिनिटं उडतं. अफगाणिस्तानात ते वापरलं गेलं. मग २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखला ४४ दिवसांचं युद्ध झालं, त्यात अझरबैजाननं हारोप आणि तुर्की ड्रोन वापरून आर्मेनियाचे रणगाडे आणि हवाई संरक्षण असं फोडलं की जगभरच्या सैन्यांची झोप उडाली.

आणि मग युक्रेन. तिथं तर कंपनीच्या महागड्या ड्रोनची वाट बघत कोण बसलंच नाही, रेसिंगसाठी वापरतात ती चार पंख्यांची छोटी एफपीव्ही ड्रोन घेतली, खाली आरपीजीचा, म्हणजे खांद्यावरनं डागायच्या रॉकेटचा, गोळा बांधला, डोळ्याला गॉगल लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यातनं बघत ऑपरेटर ते थेट खंदकात नाहीतर रणगाड्याच्या झाकणात घालतो. किंमत काही शे डॉलर, आपल्याकडं चांगला मोबाइल येतो तेवढ्यात. रणगाड्यांवर लोखंडी पिंजरे आले, जवान शॉटगन घेऊन फिरायला लागले, मग सिग्नल जॅम करायची यंत्रं आली, तर समोरच्यानं ड्रोनच्या मागं फायबर ऑप्टिकचं रीळ लावलं, केसासारखी बारीक वायर उडता उडता सुटत जाते, किलोमीटरच्या किलोमीटर, आणि वायरवरनं चालतंय म्हणल्यावर जॅमर तिथं काय करणार. आता आघाडीजवळचे रस्ते दोन्ही बाजूंनी आणि वरनं मासेमारीच्या जाळ्यांनी झाकलेत, जखमीला मागं न्यायचं म्हणलं तरी त्या जाळ्याखालनं.

इथं एक गोष्ट बोलायचीच आहे. हे एफपीव्हीचे व्हिडिओ आपल्या पोरांच्या मोबाइलवर येतात, खाली डीजेचं गाणं लावलेलं असतं. एक मी बघितला, खड्ड्यात बसलेला एकटा सैनिक, ड्रोन त्याच्यासमोर हवेत थांबलेलं, तो हातातली काठी फेकून मारतो, लागत नाही, मग हात डोक्यावर घेऊन अंग चोरून बसतो, आणि तिथं स्क्रीन काळी होते. आमच्या भरतीच्या ग्रुपवर हे हसायच्या इमोजीसकट आलं होतं. मी तिथल्या तिथं लिहिलं की बाबांनो, तुम्ही ज्या नोकरीसाठी पहाटे पळताय त्या नोकरीत त्या खड्ड्यात तुम्ही असणार आहात, गॉगलवाला सुरक्षित ठिकाणी बसलेला असेल. दोघातिघांना राग आला, येऊ दे.

कारण हे दोन्ही बाजूंनी चालणार आहे. २०२५ च्या मे महिन्यात ८ तारखेच्या रात्री पाकिस्ताननं लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन पाठवली, सरकारनंच हे सांगितलं. ती पाडायला आपल्या जुन्या एल-७० विमानविरोधी तोफा कामाला आल्या, नवीन रडार आणि कॅमेरे जोडलेल्या. आपणही ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत लॉइटरिंग म्युनिशन वापरली. पुढं २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदींनी द्रासला सांगितलं की पायदळाच्या बटालियनमध्ये आता ड्रोन प्लाटून असणार. म्हणजे नानांच्या मोर्टार प्लाटूनच्या शेजारीच आता ड्रोन प्लाटून बसणार, आणि त्यात जाणारा पोरगा कदाचित आपल्या वाठारचा, तासगावचा, विट्याचा असेल.

मग आपल्याकडं भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांमध्ये काय चाललंय? सोळाशे मीटर, बीमवर पुलअप्स, नऊ फुटी खड्डा, लेखीची गाईड. हे पाहिजेच, त्याशिवाय भरतीच होणार नाही. पण पोरगं आत गेल्यावर पुढं काय, याचा कोणी विचारच करत नाही. दुसरीकडं सांगली भागात ऊस आणि हळदीवर फवारणी करणारे ड्रोनवाले आता बांधावर दिसतात, सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेतनं बचत गटाच्या बायकापण शिकल्यात. पलूसकडच्या एका शेतात मी असल्या एका पोराचं काम बघितलं. बॅटरी हाताला गरम लागली म्हणून त्यानं दुसरी लावली, गरमवाली सावलीत ठेवली, वारा बदलल्यावर दिशा बदलून घेतली, विजेच्या तारेपासून किती लांब राहायचं ते मला चालत दाखवलं, आणि एक पंखा किंचित खरवडलेला होता तर तो काढून नवीन बसवल्याशिवाय उडवलंच नाही. आता हीच बॅटरी लडाखच्या थंडीत निम्म्यावर कशी येते, विरळ हवेत पंख्यांना जास्त जोर का लावावा लागतो, हे त्या पोराला तासाभरात कळेल, कारण पाया त्याच्याकडं आहे.

म्हणून माझं अकॅडमी चालवणाऱ्यांना सांगणं आहे, आठवड्यातनं एक तास असल्या ड्रोनवाल्याला बोलवा, मानधन द्या. अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास असेल तर विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या मान्यतेच्या संस्थेतनं रिमोट पायलटचं सर्टिफिकेट मिळतं, फी आहे, पण भरती नाही झाली तरी फवारणीवर पोट चालतं. ज्याला तेवढं परवडत नाही त्यानं लॅपटॉपला रिमोट जोडून सिम्युलेटरवर हात बसवावा, जगभरचे एफपीव्हीवाले तिथूनच सुरुवात करतात. आणि लपायचं कसं, घोळक्यानं का थांबायचं नाही, वर आवाज आला तर काय करायचं, हे शिकवायला गावोगावी नानांसारखे रिटायर माणसं रिकामी बसलेत. आमच्या नानांना मी विचारलंय, येत्या रविवारी मैदानावर यायला ते तयार आहेत, फक्त म्हणाले पोरांना आधी खंदक खणायला लावणार, ड्रोनचं नंतर बघू.