दिमोनातल्या शाळेत मलिदा

दर सातव्या वर्षी इस्राएलमध्ये जमिनीला विश्रांती देतात. त्या वर्षाला श्मिता म्हणतात. धर्म पाळणारा माणूस त्या वर्षी पेरणी करत नाही, नवीन रोपटं लावत नाही. २०१४ च्या सप्टेंबरात सुरू झालेलं ज्यू वर्ष ५७७५ हे श्मितेचं होतं, आणि त्यामुळे आमच्या शाळेत एक पेच पडला. तू बिश्वातला मुलांनी करायचं काय?

तू बिश्वात म्हणजे शेवात महिन्याचा पंधरावा दिवस, झाडांचं नवं वर्ष. एरवी त्या दिवशी इस्राएलभर शाळेची पोरं हातात फावडी आणि रोपं घेऊन बाहेर पडतात. आमचं दिमोना तर नेगेवच्या वाळवंटातलं गाव, इथे झाड लावणं म्हणजे सोहळाच. पण त्या वर्षी झाड लावायचंच नाही. सुकामेवा वाटायचा, बदामाला आलेला बहर दाखवायचा, गाणी म्हणायची आणि घरी सोडायचं, असं बैठकीत जवळजवळ ठरलंच होतं.

मी मूळची ठाण्याची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातली, मराठी माध्यमात शिकलेली. लग्नानंतर इकडे आले आणि इथल्या सरकारी धार्मिक प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. दिमोना १९५५ साली वसलं. आधी आले ते मोरोक्कोचे ज्यू, मग आमची माणसं कोकणातून आणि मुंबईतून आली, इतकी की गावाला ‘छोटा हिंदुस्थान’ म्हणायची पद्धत पडली. पुढे रशियन आले, इथिओपियन आले. माझ्या दुसरीच्या वर्गात या सगळ्यांची नातवंडं एकाच बाकावर बसतात. हजेरीपटावर हिब्रू अक्षरांत एखादं पेणकर किंवा रोहेकर आलं की माझा आवाज अजूनही किंचित बदलतो.

त्या वर्षी हनुक्काच्या, म्हणजे डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाच्या आसपास माझ्या वर्गातल्या एका मुलीला भाऊ झाला. साडेसात महिन्यांतच. वजन दीड किलोही नव्हतं. बाळाला बीरशेबाच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आई दिवसभर तिथेच, बाप कामावरून थेट तिकडे, आणि मुलगी आजीकडे. एके सकाळी प्रार्थनेनंतर तिने हात वर केला आणि म्हणाली, “मोरा (म्हणजे बाई), माझ्या भावासाठी तेहिलीम म्हणूया का?”

तेहिलीम म्हणजे दाविद राजाची स्तोत्रं. कुणी आजारी असलं की ती म्हणतात आणि शेवटी आजारी माणसाचं नाव घेतात, त्याच्या आईच्या नावासकट. इथे अडचण अशी होती की बाळाला नावच नव्हतं. मुलाचं नाव ठेवतात ते ब्रित मिलाच्या, म्हणजे सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी. बाळ अशक्त असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ब्रित पुढे ढकलतात आणि तोवर मूल बिननावाचं राहतं. तेव्हा आम्ही म्हणायला लागलो, “तान्हं बाळ, अमक्या आईचं.” रोज सकाळी एकच स्तोत्र, जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. पण सातआठ वर्षांची ती तीसेक पोरं ज्या मनापासून म्हणायची ना! शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या स्वागताला वर्गात मेणबत्त्यांची तयारी आणि हाल्ला, म्हणजे शब्बाथचा पाव असतो, तेव्हाही कुणी ना कुणी विचारायचंच, “बाळ आज किती ग्रॅम झालं?” त्याच्या बहिणीला आकडा पाठ असायचा. फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहिला जायचा.

जानेवारीच्या शेवटी बाळ घरी आलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्या मुलीची आजी फाटकाशी उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात जाड स्वेटर, हातात पिशवी. माझ्याशी ती नेहमी मराठीतच बोलते.

“बाई, मी नवस बोलले होते. बाळ घरी आलं की एलियाहू हनाबीचा मलिदा करीन म्हणून.”

“मग घरी करताय ना? मी येते,” मी म्हटलं.

“घरी नाही गो. इथे करायचाय. देवाला रोज हाक मारली ती या पोरांनी. मलिदा पण त्यांच्यातच व्हायला पाहिजे. आणि बुधवारी उरूसच आहे.”

तू बिश्वातला आमची जुनी माणसं एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतात. अलिबागजवळ खंडाळा म्हणून गाव आहे (घाटातलं खंडाळा नव्हे), तिथल्या खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, अशी आमची श्रद्धा. या दिवशी तिथे जाऊन मलिदा करतात, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून प्रार्थना करतात. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवं घर असो, बेने इस्राएल माणूस मलिद्याशिवाय पुढे जात नाही. इतर ज्यूंमध्ये ही रीत नाही, ती आपल्या कोकणातली.

मी मुख्याध्यापिकेकडे गेले. तिच्या घराण्याची मुळं मोरोक्कोतली. आमच्या शाळेत इथिओपियन मुलांचा सिग्द सण होतो, २००८ पासून तो कायद्याने राष्ट्रीय सणच आहे. पेसाहनंतर (वल्हांडणानंतर) मोरोक्कोच्या आया त्यांच्या मिमुना सणासाठी लोणी-मध लावलेल्या मुफलेता, म्हणजे पातळ पोळ्या घेऊन येतात. तेव्हा हिंदुस्थानी लोकांचं काही करायला तिची ना नव्हतीच. पण प्रश्न बरेच होते. घरी शिजवलेलं अन्न शाळेत चालत नाही, कारण प्रत्येक घरचं कोशेर, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम वेगळे. मी सांगितलं, मलिदा शिजवायचाच नसतो. पोहे भिजवायचे, त्यात खोबरं आणि साखर घालायची, सगळं इथेच, सगळ्यांसमोर. एका मुलाला बदाम-पिस्त्यांची ॲलर्जी, म्हणून ते बाद, मनुका आणि वेलची राहू दे. श्मितेचं वर्ष, तेव्हा फळं कुठून आणायची तेही बघावं लागलं. ते काम शाळेच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी अंगावर घेतलं.

४ फेब्रुवारी २०१५, बुधवार. नेगेवमधली हिवाळ्याची सकाळ, ऊन असूनही बोचरी. आजी आणखी दोघी बायकांना घेऊन आली आणि फाटकावरच अडली. इथल्या शाळांच्या दारात बंदूकधारी पहारेकरी असतो, तो पिशव्या तपासतो. पिशवीत निघाली विळी! पाटावर बसून नारळ खोवायची, पुढे दातेरी चंद्र असलेली, आजीच्या आईने मुरूडहून दिलेली. पहारेकरी रशियाहून आलेला तरुण मुलगा. त्याने असलं हत्यार जन्मात पाहिलं नव्हतं. आजी हिब्रूत समजावत होती, मधेच मराठीत चिडत होती, “अरे, नारळ कशाने खोवू, दाताने?” तोही बिचारा नियमाने बांधलेला. शेवटी मुख्याध्यापिका खाली आली. पात्याला पंचा गुंडाळून विळी शिक्षकांच्या खोलीत न्यायची आणि मुलांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, असं ठरलं. पहारेकऱ्याने विळी स्वतः उचलून वर नेली.

मग पाच-पाच मुलं दारात येऊन बघत राहिली. आजी पाटावर एक पाय मुडपून बसलेली, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून दातेरी चंद्रावर फिरवतेय आणि खाली परातीत पांढराशुभ्र कीस पडतोय. वाटी रिकामी होत आली की ती हात हलका करायची, म्हणजे करवंटीचा काळा भुगा खोबऱ्यात येत नाही. एका मुलाने विचारलं, “बोट कापत नाही?” ती म्हणाली, “लक्ष असलं की नाही कापत.” तिकडे दुसरी बाई सुपात पोहे घेऊन पाखडत होती. धान्यात किडा राहता कामा नये हे आमच्या मुलांना बालवाडीपासून माहीत असतं. खजूर फोडून आत बघायचा, अंजीर उजेडात धरायचं. त्यामुळे सूप त्यांना लगेच पटलं. दोघी-तिघी मुलींनी पाखडून पाहिलं आणि निम्मे पोहे जमिनीवर गेले. बाई काही बोलली नाही, नवे घेतले.

पोहे धुऊन निथळले, त्यात खोबरं, साखर, वेलची, मनुका. आजीने हाताने अलगद कालवलं, पोहा मोडता कामा नये. मोठ्या ताटात ढीग रचला. भोवती खजूर, सफरचंदाच्या फोडी, संत्र्याच्या पाकळ्या, डाळिंबाचे दाणे, केळी. वर गुलाबाच्या पाकळ्या आणि घरच्या कुंडीतली सब्जाची पानं. दोन वर्गांची मुलं सभागृहात जमिनीवर बसली. मलिद्याला दहा पुरुष असावेत म्हणून गावातले आमचे काही लोक आले होते, मोरोक्कोचे दोन आजोबाही येऊन बसले.

बाळाचे आजोबा हजानच्या, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी एलियाहू हनाबीचं पद सुरू केलं. चाल आपली, कोकणातली. शब्द मात्र शब्बाथ संपल्यावर शनिवारी रात्री जगभरचे ज्यू म्हणतात तेच. पहिली ओळ पोरांनी नुसती ऐकली. दुसरीला ओळखीचे शब्द कानावर पडले आणि पोरं त्यांच्या त्यांच्या घरच्या चालीत मिसळली. मोरोक्कोचे आजोबा तिसऱ्याच चालीत. दोन-तीन कडवी नुसता गोंधळ. पण आजोबा थांबले नाहीत. ते हाताने ताल देत राहिले आणि हळूहळू सगळं सभागृह त्यांच्या चालीवर आलं. मग बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली वचनं, इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वाद, देव तुला आकाशातलं दंव आणि जमिनीची समृद्धी देवो. तेही मुलांना शनिवार रात्रीचं पाठ.

त्यानंतर बेराखा, म्हणजे खाण्याआधी देवाचे आभार मानायची प्रार्थना. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतल्या फळाची वेगळी, सुगंधाची वेगळी. आजीने केळं उचललं आणि विचारलं, याला कुठली? निम्मी पोरं ओरडली, झाडाची! एक मुलगा उभा राहिला, इथिओपियन घरातला, एरवी अगदी गप्प. म्हणाला, “जमिनीची. केळीचं खोड दरवर्षी मरतं आणि मुळातून नवीन येतं, म्हणून ते झाड नाही.” रब्बी म्हणाले, अगदी बरोबर. आजी म्हणाली, “आमच्या परसात केळी होत्या. हा पोरगा खरं बोलतो.” आणि पहिलं केळं त्याला दिलं.

सब्जाचं पान एकेकाच्या हातात गेलं. सुगंधाची बेराखा झाली आणि शाळेच्या रब्बींनी मोठ्याने आमेन म्हटलं. त्या वेळी मी आजोबांकडे बघत होते. इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. साठीच्या दशकात आमच्या लोकांना या देशात लग्न नोंदवताना पिढ्यांची चौकशी सोसावी लागली. तुम्ही पुरते ज्यू आहात का, हा प्रश्न विचारला गेला. शतकानुशतकं कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, म्हणून शनवार तेली नाव पडलेल्या लोकांना! माणसं जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. आजोबा तेव्हा विशीत होते आणि त्या धरण्यात होते. आता धार्मिक शाळेच्या सभागृहात त्यांच्या तोंडून बेराखा निघते आणि रब्बी तिला आमेन म्हणतात, पाठोपाठ सगळी पोरं म्हणतात. आजोबांचा आवाज पुढच्या बेराखेला फुटला. सावरून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

मलिदा वाटताना पोरांनी आजीला घेरलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, बाळाचं नाव काय? एवढे दिवस ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याचं नाव आपल्याला कळायला नको? आजी म्हणाली, “ब्रितच्या दिवशी खुर्ची मांडतात ना, एलियाहूची? तो येऊन त्या खुर्चीजवळ उभा राहिला की नाव सांगतात. त्याच्या आधी मलाही सांगणार नाहीत.” पोरांना हे सोळा आणे पटलं. त्या एलियाहूसाठी ताटातला घास बाजूला काढला का, हेही एकीने तपासून घेतलं.

झाडाचं काय, असं रब्बींनी मुलांना शेवटी विचारलं. आज आपण एकही झाड लावलं नाही, मग झाडांचा सण झाला का? बाळाची बहीण म्हणाली, “खाल्लं ना आम्ही पाच झाडांचं!” शेजारच्याने लगेच दुरुस्त केलं, “चार. केळं झाड नाही.”

ब्रित पुढे पंधरवड्याने आमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनाघरात) झालं. वर्ग दोन रांगा करून चालत गेला, पालकांची परवानगी आधीच घेतली होती. नाव जाहीर झालं तेव्हा मागच्या बाकांवरून एवढा जल्लोष झाला की मोहेलने, म्हणजे सुंता करणाऱ्याने हसून वळून पाहिलं. शाळेत परत आल्यावर पोरांनी फळ्याच्या कोपऱ्यातला ग्रॅमचा आकडा पुसला आणि तिथे ते नाव लिहिलं.

श्मिता संपली. पुढच्या तू बिश्वातला, २५ जानेवारी २०१६ ला, मुलांनी सकाळी कुंपणाशी रोपं लावली आणि अकरा वाजता मलिदा झाला. त्या वेळी पोहे भिजवायला मोरोक्कोच्या दोन आज्या आल्या होत्या. एकीने खोबऱ्याचं माप वहीत लिहून नेलं. विळीचं मात्र पुन्हा फाटकावर थांबणं आलंच, कारण पहारेकरी नवीन होता. या वेळी त्याला समजवायला तिसरीतली पोरंच खाली धावली.