माती तपासता, मग घरचा ऊस कसा?

माती तपासणाऱ्या बाईच्या घरी ऊस कसा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हल्ली मी हा विषय टाळतेच. मी माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, शेतकरी मेळाव्यांना जाऊन जादा पाण्यानं जमीन कशी खराब होते ते सांगते, आणि मग चहाच्या वेळेला कुणीतरी गाठतंच, मॅडम, तुमच्या घरी काय लावलंय? ऊस म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर काय येतं ते मला आता पाठ झालंय. पुण्याचे नातेवाईक विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, परवा तर भाचीनं विचारलं, मावशी, राज्यातल्या चार टक्के जमिनीवरचं पीक सिंचनाचं सत्तर टक्के पाणी पितं हे तूच मला सांगितलंस ना, मग?

हो, मीच सांगितलं होतं.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं नदीकाठचं गाव, रान सासऱ्यांच्या नावावर, निर्णय घरात सगळ्यांचा, असं म्हणून मला सुटता येईल. पण मला विचारलं तेव्हा मी पण हो म्हटलं होतं आणि वहीत हिशोब मीच मांडला होता. तो ऐका. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजाराच्या आसपास घालायची पाळी आली. हळद म्हणाल तर सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं, नाव झालं, पण हमीभाव हळदीला नाहीच, एखाद्या वर्षी सोनं आणि पुढच्या वर्षी शिजवणीचा खर्च निघेना. उसाला मात्र कायद्यानं एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, आहे. २०२५-२६च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. चौदा दिवसांत बिल यायचा नियम आहे आणि ते तसं येत नाही, ऊसतोड टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावे लागतात, तोडीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याच्या, मागं फिरावं लागतं, सगळं मान्य. पण माल रानातनं उचलला जातो आणि पैसे उशिरा का होईना खात्यावर पडतात. गावची कर्ज देणारी सोसायटी पण उसाला एकरी जास्त कर्ज देते कारण वसुली बिलातनंच होते. मुलाच्या होस्टेलची फी मी सोयाबीनच्या भरवशावर ठरवू शकत नाही, आणि ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांनी मला हे विचारताना एवढं तरी लक्षात घ्यावं.

२०१२-१३च्या दुष्काळात मी लॅबला नवीन होते. आमच्याच जिल्ह्यातल्या जत, आटपाडीत चारा छावण्या लागलेल्या, बाया टँकरच्या मागं पळतायत, आणि इकडं आमच्याकडं पाट भरून वाहतायत. तेव्हा मी भर बैठकीत म्हटलं होतं की उसावर बंदीच घाला. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीचा मला राग येत नाही, ती बोलली त्यातला एक शब्द पण खोटा नव्हता. पण बंदी घातल्यावर त्या शेतकऱ्यानं काय लावायचं आणि ते कोण घेणार हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिला पण वाटलं नाही की हे सांगायला लागेल. आज ती समोर आली तर मी तिला हा सगळा हिशोब दाखवीन. ती मला काय दाखवील ते पण मला माहितीय, ती आप्पांचं रान दाखवील.

आप्पा म्हणजे आमचे चुलत सासरे. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांनी घरात कुणाला काही न बोलता लॅबला माती पाठवली. युरियाच्या पिशवीचा तुकडा सुतळीनं बांधलेला, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर गट नंबर. नंबर वाचला आणि मला कळलं हे कुणाचं रान ते. लग्न होऊन आले तेव्हा गावात टनेज काढावं तर त्या रानानं अशी त्याची ख्याती होती, शहाऐंशी-शून्य-बत्तीस या जातीच्या उसाची कांडी मनगटाएवढी. आता ढेकळं दगडासारखी आणि ढेकळाच्या अंगावर पांढरं फुटलेलं. वाळवून, कुटून, चाळून नमुना लावला तर सामू, म्हणजे मातीचा पीएच, नऊच्या वर. मी मनाशी म्हटलं पिशवीचा दोष असेल, खताच्या पिशवीत माती आणू नका हे आम्ही सांगून सांगून थकलोय, आणि रविवारी स्वतःच खुरपं घेऊन त्यांच्याबरोबर रानात गेले.

ऊस होता पण कुठं गुडघाभर कुठं नुसत्या नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, पानं पिवळी, बांधाकडच्या बाजूला लव्हाळा आणि कोपऱ्यात चक्क पाणकणीस. नमुन्याला व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा असतो, वीतभर. तो घेतला, आणि मग कशासाठी कुणास ठाऊक मी तशीच खाली खणत गेले, आप्पांनी कुदळ घेतली, आणि गुडघाभर पण खोल गेलो नसू तर खड्ड्याच्या कडेनं पाणी पाझरायला लागलं. मे महिना. त्याच आठवड्यात जतेकडनं विहिरीच्या तळाच्या पाण्याचे नमुने आलेले. आप्पांनी कुदळ टेकवली आणि चढाकडं बघितलं. चढाला आमचा ऊस, आमच्या वर आणखी पाच-सहा जणांचा, सगळा हिरवागार.

"वरनं येतंय," एवढंच म्हणाले.

ते खरं आहे. काळ्या भारी जमिनीत पाणी सरळ खाली उतरत नाही, उताराच्या बाजूनं सरकत सरकत सखल रानात येऊन तुंबतं. तिथनं ऊन लागलं की वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. वर्षानुवर्षं हे चाललं की सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, जमीन चोपण होते, मग वरचं पाणी खाली जात नाही आणि खालची मुळी श्वास घेत नाही. हे मी मेळाव्यात बोर्डावर काढून दाखवते, त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर बसून दाखवायला जमलं नाही. पिशवीचा दोष नव्हता, नवा नमुना पण तसाच निघाला.

रिपोर्ट न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, जिप्सम टाकू काय पोरी? मी सांगितलं, जिप्सम टाकलं की सोडियम कणापासून सुटतो खरा, पण सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट लागते, वाट नसेल तर पैसे मातीत. रानात सच्छिद्र पाईप गाडून ते पाणी चरीनं ओढ्याला सोडायला लागेल. आणि ओढा कुठाय? दोन्ही काठांच्या लोकांनी नांगरत नांगरत तो एवढासा करून टाकलाय, त्याच्या पोटात पण ऊस आहे. चर काढायची तर तीन-चार जणांच्या रानातनं जाणार, प्रत्येकाची पट्टी जाणार. मारुतीच्या देवळात बैठक झाली. एकजण म्हणाला, तुमचं खारं पाणी आमच्या रानातनं कशाला? त्याला कुणी म्हणालं नाही की ते पाणी मुळात आपलंच आहे, गोड होतं तेव्हा आपण सोडलेलं. मी म्हणणार होते, पण सासरे शेजारी बसलेले, त्यांनी माझ्याकडं बघितलं. बैठक तशीच उठली.

आप्पांचा मुलगा चाकणला कंपनीत लागला. आप्पा स्वतः या वयात एका गोडाऊनवर रात्रपाळीची राखण करतात. रान पड आहे, वेडी बाभूळ माजलीय. गावाच्या उसाचं टनेज वाढलं म्हणून सत्कार होतात ना, त्यात हे रान कुठल्याच खात्यात वजा होत नाही, याचा मला फार त्रास होतो.

मग म्हणाल, एवढं कळतंय तर पाणी कमी का देत नाही? शेतीपंपाची वीज रात्री असते तेव्हा कोण वाफ्यावाफ्यानं पाण्याची दारं मोडत बसणार, ऑटोवर मोटर टाकून माणूस झोपतो. पाटाची पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर आहे, मोजून दिलेल्या पाण्यावर नाही, म्हणजे मी निम्मं पाणी वाचवलं तरी पट्टी तेवढीच. २०१७ साली सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता, आमच्या शिवारात ती सक्ती मला तरी दिसली नाही. आम्ही निम्म्या रानात ठिबक केलंय, पाणी चांगलंच कमी लागतं, टनेज पडलं नाही उलट थोडं वाढलं. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळायचं बंद केलंय, एकरी तीन-चार टन पाचट सरीत कुजतं. हे सांगताना मला बरं वाटतं हे कबूल आहे. पण आमच्या ठिबकनं आप्पांचं रान परत येत नाही, आणि वरच्या लोकांचं पाणी आमच्या रानाखालनंच पुढं सरकतंय.

आणि ज्याला क्लायमेटचं काम म्हणतात त्यात तर मी पुरती गोंधळलेय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा २०२५ला गाठला, त्यात ऊस आहेच, म्हणजे आमचा ऊस आता हिरवं इंधन. २०२३च्या डिसेंबरात पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला एकदम रोखलं, म्हणजे तेव्हा तो पुन्हा साखरेचा. बरं, तुंबलेल्या रानात युरिया टाकला की त्यातलं नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन उडतं आणि तो वायू कार्बन डायऑक्साईडच्या पावणेतीनशे पट तापवणारा. मग ही हिरवी गाडी नेमकी किती हिरवी, हे रान बघून कुणी सांगेल का? पाणी तुंबलेल्या चिबड रानातला ऊस आणि निचऱ्याच्या रानातला ठिबकवरचा ऊस कारखान्याच्या काट्यावर एकाच भावानं जातो. जो पाणी राखतो त्याला टनाला दहा रुपये जास्त देऊन बघा की. बदलायचा भार तेवढा शेतकऱ्यानं एकट्यानं उचलायचा आणि वर त्यालाच प्रश्न विचारायचा, हे मला पटत नाही.

पण हे लिहितानाच मला दिसतंय की ह्या सगळ्या मुद्द्यांनी मी सुटत नाही. गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात आप्पा भेटले, पंगतीला शेजारी बसले, आणि अगदी सहज विचारलं, पोरी, तुमच्या रानाचा सामू किती हाय? टोमणा नव्हता, त्यांना खरंच काळजी होती. मी सांगितलं, आठ पॉईंट तीन. ते म्हणाले, माझा पण होता.

साडेआठच्या वर गेलं की आमच्याच लॅबच्या कागदावर शेरा बदलतो.

आता खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस, उभा आहे, तुटला की रान मोकळं होईल. ह्यांचं म्हणणं एक वर्ष ताग-हरभरा करून पुन्हा आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस लावू, कारखान्याचं सभासदत्व आहे, ऊस घालावा लागतो. मी म्हणते उरलेल्या रानात पण ठिबक झाल्याशिवाय नाही, आणि त्याला पैसे उसाच्या बिलातनंच यायचेत. चरीला आम्ही आमची पट्टी लिहून दिलीय, सासऱ्यांनी सही करायला दोन वर्षं घेतली पण केली. दोघं अजून तयार नाहीत, त्यातले एक आमच्या भावकीतले आहेत, आणि त्यांच्या रानाचा नमुना ते लॅबला पाठवायला पण तयार नाहीत. मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडं, या वेळी आप्पांना घेऊन.