चूल पेटवण्याआधीचे एकोणतीस दिवस

भंडारा जिल्ह्यातील मामांच्या गावी माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारी पद्धतीतील मालगुजारांच्या) तलावाच्या पाळीजवळ तंबू ठोकून दोन रात्री राहायचे आणि तिथेच निखाऱ्यांत पानांमध्ये भाजलेले कणकेचे पानगे, वांग्याचे भरीत व वरण करून जेवायचे, एवढाच आमचा बेत होता. तंबू मिळाला, सहा माणसे ठरली, शिधा भरला. चूल कुठे पेटवायची, या एका प्रश्नावर मात्र एकोणतीस दिवस गेले आणि त्याचा राग अजून पुरता शमलेला नाही.

पाळीच्या पलीकडे राखीव जंगल लागते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार तिथे विस्तव पेटवण्यास मनाई आहे आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो, हे ठाऊक असल्यामुळेच मी १० जानेवारीला लेखी अर्ज घेऊन गेलो. पहिल्या कार्यालयात "तलाव आमच्याकडे येत नाही, भाऊ," असे सांगून मला दुसरीकडे पाठवण्यात आले. दुसऱ्या कार्यालयाने पाणी आपले असल्याचे मान्य केले. पाळीबद्दल मात्र पुन्हा पहिल्याच ठिकाणी विचारायला सांगितले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण पाणी एकाचे, मासेमारी दुसऱ्याची आणि काठ नेमका कुणाचा, हे विचारणाऱ्याला आजही कुणी सरळ सांगत नाही. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. चौथ्या खेपेला लिपिकाने वीस मिनिटे शोधल्यावर माझा अर्ज आवक नोंदवहीच्या खाली, घडीसुद्धा न मोडलेला सापडला. त्याची नोंदच झाली नव्हती. मी त्या दिवशी आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच हातात घेतल्याशिवाय उठलो नाही, आणि हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ८ फेब्रुवारीला उत्तर मिळाले तेही तोंडी: जंगलाच्या हद्दीबाहेर, खाजगी शेतात, मालकाच्या संमतीने चूल मांडायला कुणाची हरकत नाही. हे एक वाक्य १० जानेवारीला सांगता आले असते.

१० फेब्रुवारीला मामांच्या धान कापलेल्या मोकळ्या बांधीत आम्ही तणीस झाडून दूर केली, पाच हात जागा खरवडली आणि वाऱ्याकडे तोंड येणार नाही अशी तीन दगडांची चूल मांडली. तूरडाळ घरूनच दोन तास भिजवून नेली होती, त्यामुळे कुकरची गरज पडली नाही. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यावा. काजळी त्याच्यासोबत निघून जाते आणि थंड पाण्यात हात गारठवत घासत बसावे लागत नाही.

गोवऱ्यांचा धूर पूर्ण थांबून वर पांढरी राख धरेपर्यंत पानगे लावू नयेत. आम्हाला त्यासाठी पाऊण तास लागला. मामींनी जाडसर गव्हाच्या पिठाची, मीठ, ओवा आणि तेल घातलेली कणीक पळसाच्या पानावर थापली, वर दुसरे पान ठेवले आणि ते निखाऱ्यांत सरकवून वरूनही आर पसरला. पळसाची पानगळ नुकतीच लागली होती, तरी हिरवी पाने पुरेशी मिळाली. वाळलेली पाने लगेच जळतात. करपलेले पान सोलल्यावर पानग्याच्या खरपूस पाठीवर पानाची एकेक शीर उमटलेली दिसत होती. वांग्यांना चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या खोचल्या होत्या. भाजलेला गर हिरवी मिरची, पातीचा कांदा आणि कच्चे जवसाचे तेल घालून कालवला. सहा जणांना दीड किलो पीठ आणि दोन किलो वांगी भरपूर झाली. कणीक पोळीपेक्षा थोडी सैल असावी, हे सांगायचे राहिले. पहिल्या चार पानग्यांच्या कडा घट्ट कणकेमुळेच चिरल्या.

पिण्याव्यतिरिक्त वीस लिटर पाणी केवळ विस्तवासाठी राखून ठेवले होते. जेवणानंतर मामांनी ते ओतले, काठीने राख ढवळली, पुन्हा ओतले आणि मग तळहात राखेत खुपसून बराच वेळ तसाच ठेवला. एका कोपऱ्यात ऊब लागताच त्यांनी आणखी एक बादली मागवली.